यूआयपाथ: व्हेंडर-बिलांच्या कामावर कितपत उतरतं?

यूआयपाथ म्हणजे पडद्यावरची क्लिक-टायपिंगची कामं माणसाऐवजी करणारे सॉफ्टवेअर रोबो बनवण्याचं साधन. रोज शेकडो व्हेंडर-बिलं (पुरवठादारांची बिलं) सॅप या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये चढवणाऱ्या मोठ्या कंपनीने ते घ्यावं. मात्र डेमोत जे बघून मन भुलतं, त्यासाठी नको. डेमोत रेकॉर्डर असतो: माणूस क्लिक करतो, स्टुडिओ (रोबो बनवायचा भाग) टिपून घेतो, रोबो तेच पुन्हा करतो. प्रत्यक्षात पैसे वसूल होतात ते ऑर्केस्ट्रेटरमधल्या (रोबोंना काम वाटून देणाऱ्या भागातल्या) क्यूवर, म्हणजे कामांच्या रांगेवर.

एक बिल म्हणजे क्यूमधला एक आयटम. तो पडला तर का पडला, हे रोबोने दोनपैकी एका खात्यात टाकायचं असतं. पीओ (खरेदी ऑर्डर) नंबरच नाही किंवा जीएसटीआयएन (जीएसटी नोंदणी क्रमांक) जुळत नाही, ही झाली बिझनेस एक्सेप्शन, म्हणजे बिलातलीच अडचण; दहा वेळा प्रयत्न केला तरी बिल तेच राहणार, म्हणून क्यू ते आपोआप पुन्हा घेत नाही. सॅप अडकलं, सेशन तुटलं, ही अ‍ॅप्लिकेशन एक्सेप्शन. असं बिल ठरवून दिलेल्या संख्येइतक्या वेळा पुन्हा घेतलं जातं. ही वर्गवारी विचारपूर्वक केली तर सकाळी अकाउंट्सच्या माणसासमोर फक्त त्याने बघायची बिलं येतात. री-फ्रेमवर्क (रोबो बनवायचा यूआयपाथचा तयार साचा) वापरत असाल तर कॉन्फिग फाइलमधला मॅक्सरिट्रायनंबर ० ठेवा आणि पुनर्प्रयत्नाची संख्या क्यूवरच लावा.

सगळ्यात महाग चूकही इथेच होते. रोबोने मिरोमध्ये (सॅपमधला बिल चढवायचा पडदा) पोस्ट दाबलं, सॅपने डॉक्युमेंट नंबर दिला, पण तो वाचायच्या आधी सेशन तुटलं. क्यूच्या दृष्टीने आयटम पडला, तो पुन्हा उचलला गेला आणि तेच बिल दुसऱ्यांदा चढलं. सॅपची दुबार बिलाची तपासणी असते, पण ती व्हेंडर मास्टरमध्ये चालू असावी लागते. शिवाय ती नुसता इशारा म्हणून लावलेली असेल, तर एंटर दाबून पुढे जायला शिकवलेला रोबो तिथूनही पुढे जातो. म्हणून पोस्ट करण्याआधी व्हेंडर आणि बिल नंबर घेऊन सॅपमध्ये शोध घेण्याची पायरी प्रत्येक प्रयत्नात हवी, फक्त पहिल्या नव्हे. क्यू तयार करतानाच युनिक रेफरन्सची (प्रत्येक आयटमला एकमेव ओळख) सक्ती लावा आणि रेफरन्समध्ये जीएसटीआयएन, आर्थिक वर्ष व बिल नंबर तिन्ही घ्या. जीएसटी नियमांप्रमाणे बिल नंबर कमाल १६ अक्षरांचा आणि फक्त त्या आर्थिक वर्षापुरता एकमेव असतो. वर्ष वगळलंत तर पुढच्या एप्रिलमधलं खरं बिल दुबार समजून नाकारलं जाईल. पहिले तीन महिने रोबोने एमआयआर ७ या सॅपच्या पडद्यावर बिल नुसतं पार्क करावं (कच्चं जतन करावं), पोस्ट माणसाने करावं. यात वेग कमी होतो, पण लेखापरीक्षकाला उत्तर देता येतं.

सॅपच्या पडद्यावर यूआयपाथ चांगलं चालतं, अट एवढीच की सॅप जीयूआय स्क्रिप्टिंग (दुसऱ्या प्रोग्रॅमला सॅपचा पडदा चालवू देणारी सोय) चालू हवं. सर्व्हरवर ते मुळात बंद असतं. बेसिस टीमकडून (सॅपची तांत्रिक देखभाल करणाऱ्यांकडून) सुरू करून घ्यावं लागतं. रोबोच्या मशीनवर स्क्रिप्टिंगची सूचना देणारी खूणही काढायची, नाहीतर एक छोटी खिडकी उघडते आणि रोबो तिच्यामागे खोळंबतो. हेच सॅप सिट्रिक्समधून (दूरच्या मशीनचा पडदा दाखवणारं सॉफ्टवेअर), यूआयपाथचं एक्स्टेन्शन न टाकता वापरायचं असेल तर रोबोला फक्त चित्र दिसतं. मग स्केलिंग १०० वरून १२५ टक्के झालं तरी बटण सापडत नाही. तिथे हे साधन घेण्याआधी दोनदा विचार करा.

आकड्यांचा घोटाळा चाचणीत दिसत नाही. तारीख आणि दशांशाची पद्धत सॅपमध्ये युजरप्रमाणे ठरते. रोबो बनवणाऱ्याच्या आयडीवर १,२५०.०० दिसणारी रक्कम रोबोच्या आयडीवर १.२५०,०० दिसली, की १२५० चे सव्वा रुपये होतात. आयडी मिळाला त्याच दिवशी एसयू ०१ या सॅपच्या युजर-सेटिंगच्या पडद्यावर ते तपासा. बिल नंबर एक्सेलमधून जात असतील तर तो कॉलम टेक्स्ट ठेवा. नाहीतर सुरुवातीची शून्यं गळतात आणि १५ अंकांपुढचे अंक शून्य होतात.

बिल वाचण्यासाठी डॉक्युमेंट अंडरस्टँडिंग हे यूआयपाथचं वाचनयंत्र आहे. स्वच्छ पीडीएफ ते नीट वाचतं, शिक्के आणि सह्या मारलेल्या स्कॅनवर चाचपडतं. आपल्याकडे मात्र याहून चांगली सोय आहे: ई-इन्व्हॉइसचा सही केलेला क्यूआर कोड. दोन्ही जीएसटीआयएन, बिल नंबर, तारीख, एकूण रक्कम आणि आयआरएन (ई-इन्व्हॉइसचा नोंदणी क्रमांक) त्यात असतात, आणि १ ऑगस्ट २०२३ पासून ५ कोटींवर उलाढाल असलेल्या बहुतेक पुरवठादारांच्या बी-टू-बी (व्यवसायाने व्यवसायाला दिलेल्या) बिलांवर तो असावाच लागतो. पीओ नंबर आणि करांची फोड त्यात नसते. वाचनयंत्र तेवढ्यापुरतं वापरा.

काही ठिकाणी रोबो नकोच. बिलांचा डेटा आधीच फाइलमध्ये नीट येत असेल तर पडद्यावर टायपिंग कशाला? सॅपची आवक बिलाची बीएपीआय (प्रोग्रॅमने थेट सॅपशी बोलायची सोय) तेच काम पडद्याविना करते आणि अपग्रेडनंतर बटणं हलली तरी तिला फरक पडत नाही. जीएसटीआर-२बी (खरेदीवरच्या कर-परताव्याचं जीएसटी पोर्टलवरचं विवरण) दर महिन्याच्या १४ तारखेला तयार होतं. ते आणायला रोबोला कॅप्चाशी झुंजायला लावू नका, जीएसपीची (अधिकृत जीएसटी सुविधा पुरवठादाराची) एपीआय, म्हणजे थेट डेटा आणायची सोय घ्या. एकाच माणसाच्या एक्सेलच्या कामासाठी विंडोज ११ मधलं पॉवर ऑटोमेट डेस्कटॉप हे मायक्रोसॉफ्टचं असंच साधन पुरेसं आहे आणि त्याला वेगळे पैसे पडत नाहीत.

अनअटेंडेड रोबोचा (माणसाविना स्वतः चालणाऱ्या रोबोचा) परवाना महाग वाटतो, आणि रोबो रात्री दोन तास चालून उरलेला वेळ बसून राहिला तर तो महागच आहे. वेळापत्रकापेक्षा क्यू ट्रिगर (क्यूत आयटम आला की रोबो सुरू होणं) लावा, एकाच रोबोवर बिलं, व्हेंडर मास्टर आणि बँक जुळवणी आळीपाळीने चालू द्या. रोबोच्या विंडोज आणि सॅप पासवर्डची मुदत महिनाअखेरीस संपणार नाही हे पाहा. आणि २४ तास 'इन प्रोग्रेस' (काम चालू) राहिलेला आयटम 'अबँडन्ड' (सोडून दिलेला) होतो, तो आपोआप पुन्हा घेतला जात नाही. ती यादी रोज सकाळी कोण उघडणार, त्याचं नाव खरेदीच्या आधीच ठरवा.