आयुष्याबद्दल लिहायचंय, पण कोणत्या गटात बसून?

पन्नाशीच्या आसपास बऱ्याच जणींना वाटायला लागतं, की आपलं काहीतरी लिहून ठेवावं. मग कुणीतरी सुचवतं, अगं, लेखन गटात जा. घोळ इथूनच सुरू होतो, कारण या एका नावाखाली अगदी वेगवेगळे प्रकार चालतात: सोसायटीतल्या मैत्रिणींची बैठक, वाचनालयाचं किंवा साहित्य संस्थेचं एक-दोन दिवसांचं शिबिर, आणि फी भरून झूमवर सहा-आठ आठवडे चालणारी कार्यशाळा. व्हॉट्सॲपवरचे गट मी यात धरतच नाही. तिथे वाचणाऱ्यांपेक्षा अंगठ्याचं चिन्ह टाकणारे जास्त, आणि आपला मजकूर रात्रीतून कुणाच्या फोनवर पोचेल याचा नेम नाही.

बहुतेक जणी आधी विचारतात, शिकवणार कोण? माझ्या मते विचारायला हवं, ऐकणार कोण? सुरुवात कशी करावी, परिच्छेद कुठे तोडावा हे नंतरही शिकता येतं. पण समोर बसलेल्यांपैकी एखादी तुमच्या नणंदेच्या ओळखीची असेल, तर काय लिहायचं आणि काय गिळायचं हे वही उघडण्याआधीच ठरून जातं.

मैत्रिणींचा गट सगळ्यात सोयीचा. पैसे नाहीत, रिक्षा नाही, चहा आहे. पण तिथे घडतं असं. एकीने पहिल्या दिवाळीबद्दल लिहिलेलं पानभर वाचलं. त्यात सासूबाई कपाटाची किल्ली पदराच्या टोकाला बांधून झोपायच्या, एवढा उल्लेख होता. वाचून संपतं न संपतं तोच दुसरी म्हणाली, "अगं, आमच्या तर साखरेच्या डब्याला कुलूप होतं!" तिथून गाडी सुटली ती थेट सुनेपर्यंत आली. गप्पा झकास झाल्या, हसून हसून डोळ्यांत पाणी आलं, पण त्या पानाकडे कुणी परत वळलं नाही. लिहिणारीने कागद घडी करून पर्समध्ये टाकला.

तरीही एका कामासाठी या गटाला तोड नाही. बालपण, गाव, शाळा, सणवार यांवर लिहायचं असेल तर समवयस्क मैत्रिणी एकमेकींची स्मृती भरून काढतात. साठी ओलांडलेल्या मैत्रिणींत १९७२च्या दुष्काळाचा विषय काढून बघा. एकीला लाल मिलोच्या, म्हणजे तेव्हा परदेशातून आलेल्या ज्वारीच्या, भाकरीची चव आठवते, दुसरीला शाळेत मिळालेली सुकडी, तिसरीला दुष्काळी कामावर खडी फोडायला गेलेल्या आईचे हात. एकटीने बसून एवढं सुचत नाही. सातत्याची मात्र अपेक्षा ठेवू नका. गणपती, नवरात्र, नातवंडांच्या परीक्षा आणि लग्नसराई यांतून वर्षात किती बैठका उरतात, ते मोजून घ्या.

शिबिराबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. नावाजलेले पाहुणे येतात, सभागृह भरलेलं असतं, वाचायची संधी दोघी-चौघींनाच मिळते. उमेद येते, ती पुढच्या आठवड्यापर्यंत टिकते. लोकांत बसून लिहिणं आपल्याला जमतं का, एवढं कळायला ते पुरेसं आहे. शेजारच्या खुर्चीवरची बाई आवडली तर तिचा नंबर मात्र जरूर घ्या. शेवटी ‘प्रातिनिधिक संग्रह काढतोय, आपला सहभाग इतके रुपये’ असं पत्रक हातात आलं, तर त्यात आपले पैसे किती, प्रती किती आणि संपादन कोण करणार हे विचारल्याशिवाय होकार देऊ नका.

आता झूमवरची कार्यशाळा. अनोळखी बायका, ठरलेला दिवस, ठरलेला वेळ, आणि संचालिका चांगली असेल तर नियम. त्यातला सगळ्यात मोलाचा नियम अमेरिकेतल्या ॲमहर्स्ट गावच्या लेखिका पॅट श्नायडर यांच्या पद्धतीतून आलेला आहे. सरकारी वसाहतीत राहणाऱ्या गरीब बायकांसोबतही त्यांनी असे गट चालवले. नियम असा, की वाचलेलं सगळं कल्पित समजायचं. म्हणजे "तू मग गप्प का बसलीस?" असं विचारायचं नाही. "यातली बाई गप्प बसते ती जागा लक्षात राहिली" असं म्हणायचं. ताज्या लिखाणातल्या चुका काढायच्या नाहीत, काय पोचलं तेवढंच सांगायचं. आणि संचालिकेनेही सगळ्यांबरोबर बसून लिहायचं. पदराच्या किल्लीचं ते पान अशा गटात वाचलं असतं, तर कुणीतरी किल्लीवर बोट ठेवलं असतं आणि त्या बाईने पुढचं पान लिहिलं असतं. आपल्याकडे सल्ला देण्याची हौस दांडगी, त्यामुळे नियम कागदावर असून भागत नाही. तो मोडला गेला की संचालिका थांबवते का, ते बघा.

आणखी एक. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर यांनी १९८६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांना सलग चार दिवस, रोज पंधरा मिनिटं, आयुष्यातल्या क्लेशदायक प्रसंगांवर लिहायला सांगितलं होतं. पुढच्या काही महिन्यांत घटना आणि भावना दोन्ही लिहिणाऱ्यांच्या दवाखान्याच्या फेऱ्या साध्या विषयांवर लिहिणाऱ्यांपेक्षा कमी राहिल्या, पण लिहून उठल्या उठल्या मन जास्तच जड झालं होतं. कार्यशाळांच्या जाहिरातीत पहिला भाग असतो, दुसरा नसतो. बैठक संपली, लॅपटॉप मिटला आणि समोर रात्रीचा स्वयंपाक, अशी वेळ झूमवर हमखास येते. जखम ताजी असेल, म्हणजे नुकताच मृत्यू, घटस्फोट किंवा मारहाण, तर आधी समुपदेशक गाठा. गट पळून जात नाही.

झूमची खरी अडचण घरातच असते. इयरफोन लावले की दुसऱ्यांचं आपल्यालाच ऐकू येतं, पण आपण वाचायला लागलो की ते हॉलमध्ये बातम्या बघणाऱ्यालाही ऐकू जातं. दोन खोल्यांच्या घरात नवऱ्याबद्दल काय वाचणार? काही जणी गच्चीवर जातात, काही पार्किंगमधल्या गाडीत बसतात. प्रत्यक्ष भरणाऱ्या गटाला निदान घराबाहेर पडण्याचं निमित्त तरी असतं. उलट न्यू जर्सीत किंवा गावाकडे एकट्या असलेल्या मराठी बाईला झूमशिवाय फारसा पर्याय नाही. इथले शनिवारचे रात्रीचे आठ म्हणजे उन्हाळ्यात न्यू जर्सीतले सकाळचे साडेदहा. तिची वेळ निवांत, आपली जेवण वाढायची.

भाषेचंही विचारून घ्या. काही संचालिका अहिराणी, मालवणी किंवा वऱ्हाडीत आलेलं वाक्य प्रेमाने ‘शुद्ध’ करून देतात. शांताबाई कांबळे शिक्षिका होत्या, तरी १९८६ साली आलेल्या त्यांच्या आत्मकथनाचं नाव ‘माज्या जल्माची चित्तरकथा’ असंच आहे. आईचं बोलणं आईच्या बोलीत राहू देणार नसतील, तर त्या कार्यशाळेचा उपयोग नाही.

आणि गटच नको असेल तर? चालतं की. बेबीताई कांबळे फलटणला किराणा दुकानात बसून, नवऱ्याच्या नकळत वर्षानुवर्षं लिहीत होत्या. ‘जिणं आमुचं’ हे त्यांचं आत्मकथन त्यातून झालं. पण तेवढी चिकाटी सगळ्यांकडे नसते, आणि त्यांच्याही कागदांना पुढे आस्थेने वाचणारं माणूस भेटलंच.

माझा कौल असा. माहेर, शाळा, गाव लिहायचं असेल तर मैत्रिणींचा गट, आणि कुणीतरी घड्याळ लावून निदान वीस मिनिटं गप्प बसून लिहायचं बंधन पाळायला लावा. लग्न, संसार, भाऊबंदकी, शरीर असं काही लिहायचं असेल तर अनोळखी बायकांचा, आठ-दहा जणींचा, मधेच नव्या कुणाला न घेणारा गट. शक्य असेल तर तो प्रत्यक्ष भेटणारा असावा, मग एक बस जास्त बदलावी लागली तरी चालेल.

फी भरण्याआधी तीन गोष्टी फोनवरच विचारा. वाचून दाखवणं सक्तीचं आहे का? बैठकीचं रेकॉर्डिंग करता का, आणि ते कुणाकुणाकडे जातं? एक बैठक बसून मग ठरवलं तर चालेल का? पहिल्याचं उत्तर ‘हो’ आलं किंवा तिसऱ्याचं ‘नाही’, तर दुसरीकडे चौकशी करा. रेकॉर्डिंग ‘गैरहजर असलेल्यांसाठी’ ठेवतो म्हणाले, तर त्या दिवशी वाचू नका.