वायर ठेवायची की सोडायची?

इअरफोन घ्यायचे म्हटलं की पहिला प्रश्न येतो तो आवाजाचा. "वायरवाल्यांचा आवाज भारी असतो ना?" हे इतक्या वेळा ऐकलंय की हल्ली मी नुसती मान डोलावतो. मुद्दा खोटा नाही, पण खरेदीला महिना झाला की आवाजाबद्दल कोणी अवाक्षर काढत नाही. तक्रारी येतात त्या निराळ्याच. मीटिंगमध्ये माझं बोलणं समोरच्याला डब्यातून आल्यासारखं ऐकू जातं. एकाच कानात आवाज येतो. उजवा बड सोफ्याखाली गेला तो गेलाच. पिनेपाशी वायर अंगठ्याने एका ठरावीक कोनात दाबून धरली तरच गाणं चालू राहतं. तेव्हा निवडायचं असेल तर आपण कानात घालून दिवसभर नेमकं काय करतो, इथून सुरुवात करावी. मी दोन्ही वापरतो आणि माझा कल कुठे आहे ते पुढे कळेलच.

तरी आवाजाचं एकदा उरकून घेऊ. सीडीच्या दर्जाचं गाणं जसंच्या तसं पाठवायचं तर सेकंदाला १४११ किलोबिट लागतात. ब्लूटूथवर सगळ्या उपकरणांत हमखास चालणारा एसबीसी कोडेक (कोडेक म्हणजे आवाज दाबण्याची-उलगडण्याची पद्धत) साधारण ३२८ किलोबिटपर्यंत जातो, सोनीचा एलडॅक जास्तीत जास्त ९९० पर्यंत. म्हणजे गाणं दाबून, घडी घालून पाठवायचं आणि बडमध्ये ती घडी उलगडायची. वायरला ही कसरत करावी लागत नाही. झालं, कागदावर वायर जिंकली. पण आपण ऐकतो ते स्ट्रीमिंगचं गाणं बहुतेक वेळा आधीच दाबलेलं असतं. आणि कानात बसणाऱ्या रबराचा आकार चुकला की जो बेस गायब होतो, तो कुठलाच कोडेक परत आणून देत नाही. डब्यात तीन मापांची रबरं येतात, ती तीनही लावून बघायचा कंटाळा करून लोक कोडेकवर वाद घालतात याची मला गंमत वाटते. शांत खोलीत डोळे मिटून ऐकणारे असाल तर वायर घ्या. बाकीच्यांनी हा मुद्दा तिसऱ्या-चौथ्या क्रमांकावर ठेवला तरी चालेल.

बोलण्याचा मुद्दा मात्र पहिल्या क्रमांकाचा, आणि तो खरेदीच्या वेळी कोणी सांगत नाही. लॅपटॉपवर गाणं चालू आहे, कानात बिनवायरचे बड्स आहेत. मीटिंगची लिंक दाबता. 'टुक' असं काहीतरी वाजतं आणि त्याच क्षणी गाण्यातला बेस, झांजा, वाद्यांमधली मोकळी जागा सगळं जातं. उरतं ते टेलिफोनवर ताटकळत ठेवताना वाजवतात तसलं संगीत. बड्स बिघडलेले नसतात. ब्लूटूथच्या ज्या पद्धतीने गाणी येतात ती एकाच दिशेने चालते, तिच्यात माइकला जागा नाही. माइक सुरू झाला की जोडणी दुसऱ्या पद्धतीवर जाते, जी मुळात फोनवर बोलण्यासाठी बनली होती. तिथे सेकंदाला आवाजाचे ८,००० किंवा १६,००० नमुने, म्हणजे क्षणोक्षणीची मोजमापं, घेतले जातात. सीडीत ४४,१०० असतात. त्यात माइक बसवलेला असतो कानापाशी, तोंडापासून दूर, मग पंख्याचा आवाजही तुमच्याबरोबर मीटिंगला हजर राहतो.

वायरमध्ये ही अडचणच नाही. माइकची वेगळी तार, आवाजाच्या वेगळ्या तारा, एकमेकांत ढवळाढवळ नाही. माइक हनुवटीच्या आसपास लोंबतो म्हणून आवाज स्पष्ट जातो. फक्त तो शर्टाच्या कॉलरला घासला की समोरच्याला कोणीतरी कागद चुरगाळतंय असं वाटतं. दिवसाला दोन-तीन तास बोलण्याचं काम असेल तर मी दुसरा विचार न करता वायरचं नाव घेतो. बड्स आधीच घेऊन झाले असतील तर एक साधा उपाय आहे: मीटिंगच्या सेटिंगमध्ये ऐकण्यासाठी बड्स ठेवा आणि माइक म्हणून लॅपटॉपचा स्वतःचा माइक निवडा. गाण्याचा दर्जा जागच्या जागी राहतो. जानेवारी २०२० मध्ये जाहीर झालेल्या एलई ऑडिओ या ब्लूटूथच्या नव्या पद्धतीने हे दुखणं बरंच बरं होतं, पण लॅपटॉप आणि बड्स दोघांनाही ते येत असलं पाहिजे. एकाला येतं आणि दुसऱ्याला नाही, अशीच जोडी बहुधा आपल्या नशिबी असते.

याला चिकटूनच उशिराचा मुद्दा. ब्लूटूथवर आवाज साधारण १०० ते ३०० मिलिसेकंद मागे राहतो. व्हिडिओ बघताना ते कळत नाही, कारण ॲप चित्रालाही तेवढंच थांबवून ठेवतं. गेममध्ये चित्र थांबवता येत नाही, त्यामुळे गोळी आधी सुटते आणि 'ठो' नंतर ऐकू येतं. कीबोर्ड किंवा गिटार फोनला जोडून वाजवणाऱ्यांनी तर बिनवायरच्या वाटेला जाऊच नये. सुरावर बोट पडल्यानंतर सूर पोचेपर्यंत हात पुढे गेलेला असतो.

आता टिकण्याचं, इथे दोन्हींचा स्वभाव अगदी वेगळा. वायर तुटते ती दिसते आणि बहुतेक वेळा ठरलेल्या दोन ठिकाणी तुटते: पिनेच्या मुळाशी आणि जिथून दोन कानांच्या तारा वेगळ्या होतात तिथे. माझा एक जोड अकरा वर्षांचा आहे. दोनदा पिन गेली, दोनदा नवी सोल्डर करून घेतली, एकदा रबरं बदलली. दिसायला तो आता कोणाला दाखवण्यासारखा राहिलेला नाही, पण वाजतो.

बिनवायरचे बड्स मात्र पहिल्या दिवसापासून आतल्या आत म्हातारे होत असतात. एका बडमध्ये साधारण ५० मिलिअँपिअर-तासांच्या आसपासची लिथियम-आयन बॅटरी असते, आजकालच्या फोनमधल्या बॅटरीच्या सुमारे शंभरावा भाग. ती रोज रिकामी होते, रोज भरते. काहीशे वेळा असं झालं की क्षमता उतरायला लागते. नवे असताना सहा तास चालणारे बड्स तिसऱ्या वर्षी दोन तासांत 'बॅटरी लो' म्हणायला लागले तर त्यात नवल नाही. त्यातही दोन्ही कान बरोबरीने थकत नाहीत. तुम्ही बोलताना नेहमी एकच बड वापरत असाल तर तो आधी मान टाकतो. माझा डावा गेला. चांगल्या नावाच्या कंपनीचा जोड होता, वॉरंटीची मुदत संपून चार महिने झाले होते. चौकशी केली तेव्हा "बॅटरी बदलता येत नाही, नवीन जोड घ्या" एवढंच उत्तर मिळालं. तेव्हापासून उजवा बड टेबलाच्या खणात ठणठणीत बसून आहे.

हा अपवाद नव्हे, रचनाच तशी. उपकरणं उघडून बघणाऱ्या आयफिक्सिटने एअरपॉड्सच्या पहिल्या दोन्ही पिढ्यांना दुरुस्तीसाठी दहापैकी शून्य गुण दिले होते. सगळं डिंकाने चिकटवलेलं, फोडल्याशिवाय उघडत नाही. उलटं करून दाखवणारेही आहेत: फेअरफोन या कंपनीने २०२४ मध्ये आणलेल्या बड्सची बॅटरी आपल्याला आपल्या हाताने बदलता येते. असे बड्स अजून मोजकेच. तेव्हा बिनवायरचे घेताना मनाशी दोन-तीन वर्षांचा हिशेब धरावा आणि तेवढ्या मुदतीला जी रक्कम परवडते तीच खर्च करावी. फार महागडे बड्स 'एकदाच घेऊन ठेवू' या विचाराने घेणं मला पटत नाही. महागड्या बडमधली बॅटरीही लिथियम-आयनच असते.

"पण माझ्या फोनला जॅकच नाही," ही बहुतेकांची अडचण. साडेतीन मिलिमीटरची पिन ही १९व्या शतकातल्या टेलिफोन एक्स्चेंजमधल्या जाड पिनेची नात. तिला फोनमधून घालवण्याची मोठी लाट सुरू झाली २०१६ मध्ये, ॲपलने आयफोन ७ मधून जॅक काढला तेव्हापासून. त्याच वर्षी गूगलने पिक्सेलच्या जाहिरातीत 'आमच्याकडे जॅक आहे' म्हणून चिमटा काढला, आणि पुढच्याच वर्षी पिक्सेल २ बिनजॅकचा आला. सॅमसंगनेही २०१७ च्या जाहिरातीत आयफोनवाल्याच्या हातात लोंबणाऱ्या कन्व्हर्टरची खिल्ली उडवली आणि २०१९ मध्ये नोट १० मधून जॅक काढून टाकला. तेव्हा कंपनीच्या जाहिरातीवर विसंबून तत्त्व ठरवू नये.

जॅक नसेल तर दोन वाटा: यूएसबी-सी पिनेचे इअरफोन किंवा छोटा डोंगल, म्हणजे जुनी पिन यूएसबी-सीला जोडून देणारा कन्व्हर्टर. इथे एक खड्डा आहे. काही फोन यूएसबी-सीमधून तयार आवाज बाहेर देतात, काही फक्त डिजिटल सिग्नल देतात आणि त्याचं आवाजात रूपांतर करणारी चिप, म्हणजे 'डॅक', डोंगलमध्ये असावी लागते. त्यामुळे मित्राच्या फोनवर मस्त चालणारा डोंगल तुमच्या फोनवर मुका राहू शकतो. डबीवर 'डॅक' असल्याचं लिहिलेलं बघून घ्या. दुसरी गैरसोय म्हणजे चार्जिंग आणि गाणं एकाच भोकावर येतं, एक चालू तर दुसरं बंद. रात्री चार्जिंगला लावून ऐकत झोपणाऱ्यांना हे फार जाचतं.

इतकं वायरचं कौतुक करून झाल्यावर बिनवायरचं जे खरोखर मोठं आहे ते सांगायला हवं. चालताना, धावताना, गर्दीत दांडीला धरून उभं राहताना, घर आवरताना वायर म्हणजे वैताग. दाराच्या कडीत अडकते, फोन खिशातून ओढून जमिनीवर आपटते. आणि नॉइज कॅन्सलेशन. बाहेरच्या आवाजाच्या लाटेला उलटी लाट भिडवून तो मारायचा, ही कल्पना अमर बोस यांनी १९७८ मधल्या एका विमानप्रवासात कागदावर मांडायला घेतली आणि १९८९ मध्ये त्यांच्या कंपनीचा वैमानिकांसाठीचा हेडसेट आला. आज ती सोय बोटाच्या पेरात मावते. वायरच्या इअरफोनमध्ये ती क्वचितच मिळते. इंजिनाची घरघर, पंखा, एसी अशा सततच्या खर्जातल्या आवाजावर ती जादू करते. शेजारी कोणी मोठ्याने बोलत असेल तर तितकी नाही. हे न कळल्यामुळे कित्येक जण पहिल्याच दिवशी हिरमुसतात.

ही सोय मी चैनीत मोजत नाही, कारण तिचा संबंध कानाशी आहे. गोंगाटात आपण आवाज वाढवत नेतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तास ऐकणं सुरक्षित, पण ९० डेसिबलला तीच मर्यादा ४ तासांवर येते. रोज दीड-दोन तास बस-रेल्वेच्या खडखडाटात जाणाऱ्या माणसाला मी बिनधास्त नॉइज कॅन्सलेशनवाले बड्स घ्यायला सांगतो, एरवी वायरचा कितीही पुरस्कर्ता असलो तरी. रस्ता ओलांडताना मात्र ते बंद करायचे.

सुरक्षिततेचा मुद्दा अधूनमधून चघळला जातो. अमेरिकेच्या तेव्हाच्या उपाध्यक्ष कमला हॅरिस ब्लूटूथला धोका मानतात आणि वायरचेच इअरफोन वापरतात, अशी बातमी डिसेंबर २०२१ मध्ये पॉलिटिको या अमेरिकी वृत्तमाध्यमाने दिली आणि त्यांची भरपूर टिंगल झाली. टिंगल करणाऱ्यांना हे ठाऊक नसावं की २०१९ मध्ये संशोधकांनी ब्लूटूथच्या सांकेतिक किल्लीची ताकद एका बाइटपर्यंत, म्हणजे सहज ओळखता येईल इतकी, खाली आणून दाखवली होती. पण असल्या हल्ल्यासाठी हल्लेखोर जवळपास हजर असावा लागतो. आपल्या गप्पा ऐकायला कोणी एवढी तसदी घेईल असं मला वाटत नाही. बड्सचं अपडेट आलं की टाकावं, एवढं पुरे. लहरींनी मेंदूला काही होईल का, या काळजीवर तर दोन ओळीच: बड्स मोजक्या मिलिवॅटवर चालतात, कानाला लावलेला फोन त्याहून कितीतरी पट जोराने बोलत असतो. आणि हल्ली वायर लोंबती ठेवणं पुन्हा फॅशनमध्ये आलंय म्हणे. या निमित्ताने माझा जुना जोड एकदाचा फॅशनेबल ठरला.

तर माझा कौल असा. बसून काम, मीटिंगा, अभ्यासाचे व्हिडिओ, गेम यांतलं काही मुख्य असेल तर वायर. प्रवास आणि व्यायाम मुख्य असेल तर बिनवायर, मध्यम किमतीचे, नॉइज कॅन्सलेशनवाले. वस्तू हरवण्याची सवय असेल तर वायर, कारण ती अर्धी हरवत नाही. घरातल्या वयस्कर माणसासाठी घेत असाल तर त्यांना आधी केसमधून एक बड बाहेर काढायला सांगा. गुळगुळीत, बुटक्या बडवर बोटांची पकड बसत नसेल तर बाकी गुणांना अर्थ नाही.

दोन्ही घेणं जमत असेल तर बड्स खिशात आणि वायर लॅपटॉपच्या बॅगेत, अशी माझी वाटणी आहे. बॅगेत ठेवताना वायर फोनभोवती करकचून गुंडाळू नका. पिनेकडचं टोक मोकळं सोडून बाकीची चार बोटांवर सैल वेटोळी घाला आणि वरच्या कप्प्यात टाका, चार्जरच्या खाली नको.