हॉलमधली घूंघूं बंद झाली: ट्रेलिंग एज डिमर आणि जीयू-टेन एलईडी

पाचापैकी चार स्टार. एक का कापला ते खाली सांगते.

टिळकवाडीतल्या आमच्या हॉलच्या फॉल्स सीलिंगमध्ये 12 व्होल्टचे, 50 वॅटचे चार हॅलोजन होते आणि प्रत्येकाला एकेक जड लोखंडी ट्रान्सफॉर्मर. डिमर, म्हणजे उजेड कमी-जास्त करायचं बटण, पूर्ण फिरवला की आवाज नसल्यात जमा. निम्म्यावर आणला की छतात भुंगा अडकल्यासारखी घूंघूं. सासूबाई बातम्या सोडून वरच बघत बसायच्या. एका दुकानदाराने डिमर बदलून दिला, तोही जुन्याच जातीचा. पैसे गेले, आवाज राहिला.

खडेबाजारातल्या दुसऱ्या दुकानाने पाठवलेला इलेक्ट्रिशियन मात्र कामाचा निघाला. शिडीवर चढला, स्क्रूड्रायव्हरचं टोक ट्रान्सफॉर्मरच्या अंगाला टेकवलं आणि मूठ कानाला लावून ऐकत राहिला. मग ट्रान्सफॉर्मर नुसता हातावर उचलला, तर आवाज निम्मा! "वहिनी, हे जिप्समवर तसंच ठेवलंय बघा. बोर्डच वाजायलंय."

आपल्या 50 हर्ट्झच्या विजेवर ट्रान्सफॉर्मरच्या आतल्या लोखंडी गाभ्याचे पत्रे सेकंदाला 100 वेळा थरथरतात, म्हणजे थोडी गुणगुण असणारच. जुना डिमर प्रत्येक लहरीचा पुढचा भाग कापतो, त्यामुळे वीज एकदम धडकते. निम्म्यावर हा काप नेमका लहरीच्या शिखराशी येतो, म्हणून तिथेच जास्त बोंब. खाली रबर घालून आवाज कमी झाला असता, गेला नसता. ट्रेलिंग एज डिमर लहरीची मागची बाजू कापतो, पण लोखंडी ट्रान्सफॉर्मरवर तो लावायचा नसतो, जळू शकतो.

म्हणून ट्रान्सफॉर्मरच काढले. त्याच भोकांत 230 व्होल्टचे, मंद करता येणारे जीयू-टेन (दोन पिनांचे, फिरवून बसवायचे) एलईडी बल्ब बसले, होल्डर तेवढे बदलले, आणि आता ट्रेलिंग एज डिमर लावता आला. घेताना डिमरच्या पाठीवरचा किमान वॅटचा आकडा बघा. 5 वॅटचे चार म्हणजे जेमतेम 20 वॅट. 60 वॅटपासून पुढचा डिमर असेल तर दिवे लुकलुकणार.

आता कापलेला स्टार. हॅलोजन मंद केला की उजेड पिवळसर व्हायचा, जेवताना छान वाटायचं. हे एलईडी मंद होतात, पण रंग तोच. शिवाय पावती फक्त डिमरची मिळाली. बल्बच्या वॉरंटीचा शिक्का तुम्ही आधीच मागून घ्या.