विमानाचं मूळ चित्र घेताय? ऑइल की गॉश

जुन्या लढाऊ विमानाचं हातानं रंगवलेलं मूळ चित्र घ्यायचं, प्रिंट नको, इथवर तुमचं ठरलंय असं धरून चालतो. मग चित्रकाराचा पहिला प्रश्न येतो: कॅनव्हासवर ऑइल (तैलरंग) करू की कागदावर गॉश, म्हणजे पाण्यात कालवायचा अपारदर्शक रंग? माझ्याकडे नॅट या छोट्या लढाऊ जेटचं ऑइल आहे. इथे सोलापुरातच अशोक चौकाजवळ राहणाऱ्या मित्राकडे दुसऱ्या महायुद्धातल्या हरिकेन विमानाचं गॉश आहे. चित्रकार एकच, आकारही जवळपास सारखा. दोन्हींसमोर बसून भरपूर चहा झालाय, तेवढ्या अधिकारानं लिहितो.

बारकाव्यात गॉश पुढे, हे आधीच कबूल करतो. मित्राचा हरिकेन 1944 च्या इंफाळचा आहे. अर्जन सिंग यांच्या नेतृत्वाखाली तिथे जपान्यांशी लढलेल्या हवाई दलाच्या एक नंबर स्क्वॉड्रनचा (तुकडीचा). कॉकपिटच्या काचेची चौकट, पत्र्याचे जोड, शेपटीजवळचा क्रमांक, सगळं सुईनं काढल्यासारखं. हिरव्या-तपकिरी छलावरणाला (कॅमोफ्लाजला) मुळातच चकाकी नसते आणि गॉशही वाळल्यावर तसाच कोरडा दिसतो, त्यामुळे दोघांचं चांगलं जमतं. त्या आघाडीवर जपानी विमानांच्या लाल गोळ्याशी गल्लत होऊ नये म्हणून आपल्या विमानांवरच्या ओळखीच्या वर्तुळातला लाल रंग काढून टाकला होता, नुसत्या निळ्या छटा उरल्या होत्या. 1944 च्या इंफाळच्या चित्रात मधोमध लाल ठिपका दिसला, तर पैसे देण्याआधी चित्रकाराला हळूच विचारा.

नॅटची गोष्ट वेगळी. उघड्या पत्र्याच्या नॅटला स्वतःचा रंग असा नसतोच. वरून आकाश, खालून जमीन, बाजूनं ढग, असं सगळं त्या पत्र्यात उतरलेलं असतं. ऑइल सावकाश वाळतं, म्हणून एक छटा दुसरीत विरघळवायला चित्रकाराला सवड मिळते. गॉश झटकन वाळतो, शिवाय ओला असताना दिसतो त्याहून वाळल्यावर छटा बदलते. मोठं, गुळगुळीत आकाश त्यात साधणारे हात थोडेच. 14 डिसेंबर 1971 ला श्रीनगरवर निर्मलजित सिंग सेखों ज्यात लढले, तो नॅट अनेकांना हवा असतो. हवाई दलाला आजवर मिळालेलं एकमेव परमवीर चक्र त्या लढाईचं. त्या प्रसंगाला धूर, थंडीचं धुकं, मागे डोंगर हवेत, आणि माझ्या मते ते ऑइलचंच काम.

तरीही एवढ्यावर मी निर्णय घेतला नसता. निर्णय झाला तो काचेवर.

कागदावरच्या चित्राला काच लागतेच. मित्राच्या हॉलमध्ये चित्र खिडकीसमोर आहे. दिवसा हरिकेनच्या पंखावर खिडकीचे गज दिसतात, रात्री आकाशात ट्यूबलाइट आडवी तरंगते, आणि टीव्ही लागला की इंफाळच्या ढगात मालिकेतली सासू. विमानाच्या चित्रात निम्मं तरी आकाश असतं, आणि गडद भाग असेल तिथे काचेचा आरसाच होतो. आम्ही दोरी ढिली करून फ्रेम जराशी पुढे कलवली. ट्यूबलाइट गेली, जमिनीवरच्या फरशा आल्या. मॅट, म्हणजे न चकाकणारी काच बसवली तर प्रतिबिंब मरतं, पण ज्या बारकाव्यासाठी गॉश घेतला तोच मऊ पडतो. प्रतिबिंब न देणारी लेप दिलेली काच मिळते आणि ती खरंच छान असते. फ्रेमवाल्यानं सांगितलेला तिचा भाव ऐकून मित्रानं विषय बदलला. कदाचित मीच जास्त चिडका असेन. मित्राला त्याचं काहीच वाटत नाही, तो जवळ उभा राहून चित्र बघतो. मी सोफ्यावरून बघणारा माणूस.

दुसरं म्हणजे आपला उन्हाळा. एप्रिल-मेमध्ये कूलर दिवसभर चालतो आणि त्याची ओल कागदाला लागते. मित्राच्या फ्रेमवाल्यानं कागद चारी कडांनी गोंद लावून घट्ट चिकटवला होता, त्यामुळे फुगायला जागाच उरली नाही आणि आकाशाला लाटा आल्या. नुसता वरच्या कडेला टांगून, आम्लरहित माउंटमध्ये (चित्राभोवतीच्या पुठ्ठ्यात) बसवला तर सहसा असं होत नाही.

ऑइलचेही नखरे आहेत. वरून वाळलेलं दिसलं तरी आतून वाळायला महिने जातात. नेहमीच्या पद्धतीत शेवटचं वार्निश सहा महिने ते वर्षभरानं लावतात, तोवर धूळ चिकटायची भीती. शहराच्या पूर्व भागात, कापडाच्या मागाजवळ घर असेल तर हवेत सुताची लव असतेच. तिथे मी स्वतः काचेमागचंच चित्र घेईन, कुरकुर करत का होईना. पावसाळ्यात कॅनव्हास थोडा सैल पडतो. मागच्या कोपऱ्यांतल्या लाकडी पाचरी हलक्या हातानं ठोकल्या की ताणला जातो. वार्निशही चकाकतं, पण चित्रकाराला आधी सांगितलं तर मॅट किंवा अर्धमॅट लावून देतो. माझ्या नॅटवर अर्धमॅट आहे, आणि खिडकी उघडी असली तरी सोफ्यावरून पंखाचं टोक दिसतं.

पैशांचं म्हणाल तर ऑइल महाग पडतं. मात्र गॉशच्या किमतीत फ्रेम, माउंट आणि काच मिळवून पाहा, अंतर बरंच कमी होतं. कॅनव्हासवर छापून वरून चार फटकारे मारलेलं चित्रही ‘ओरिजिनल’ म्हणून विकलं जातं. भिंगातून पाहिलं की रंगाचे बारीक छापील ठिपके दिसतात.

गॉशकडेच मन ओढत असेल तर खिडकीसमोरची भिंत सोडून दुसरी शोधा आणि चित्र गुंडाळून नव्हे, सपाट पाठवायला सांगा. गुंडाळलं की जाड रंगाला भेगा पडू शकतात. ऑइल घेत असाल तर चित्र पूर्ण झाल्याची तारीख कॅनव्हासच्या मागे लिहून घ्या, म्हणजे वार्निश कधी लावायचं ते पुढे कुणाला विचारावं लागणार नाही.