डाव्या हाताने केलेली सही

अपघाताला १२ दिवस झाले होते. उजव्या मनगटाला स्प्लिंट होतं, पेन धरता येत नव्हतं, म्हणून मी डाव्या हाताने सही केली. समोर विमा कंपनीचे क्लेम अधिकारी बसले होते. कागद त्यांनी सरळ शेवटच्या पानावर उघडून ठेवला होता आणि सहीच्या जागी पिवळी चिठ्ठी चिकटवली होती. "सही वाकडी आली तरी चालेल ताई, साक्षीदार म्हणून मी आहेच," असं म्हणाले. आधीच्या पानावर लिहिलं होतं की आज माहीत असलेल्या आणि पुढे कधीही उघडकीला येणाऱ्या सगळ्या इजांची भरपाई मला मिळाली आहे, माझी आता कसलीही मागणी नाही. ते पान मी वाचलं दोन दिवसांनी. तुमच्यावर अशी वेळ आली असेल तर तुम्ही ते आधी वाचावं, म्हणून हे लिहितेय.

माझ्या दुचाकीला मागून गाडीची धडक बसली आणि मी तळहातावर पडले. गाडीवाल्याने चूक कबूल केली, त्यामुळे भरपाई त्याच्या विमा कंपनीने द्यायची होती. पहिल्या एक्सरेत काही दिसलं नाही. पण अंगठ्याच्या बुडाशी जो खळगा असतो, तिथे दाबलं की जीव कळवळायचा. डॉक्टरांनी स्प्लिंट लावलं आणि केसपेपरवर लिहिलं, दोन आठवड्यांनी पुन्हा एक्सरे.

तिसऱ्या दिवशी अधिकाऱ्यांचा फोन आला. फार आपुलकीचं बोलणं. "कॉल रेकॉर्ड होतोय, नुसती फॉर्मॅलिटी आहे," म्हणाले आणि विचारलं, आता कसं वाटतंय? मी म्हटलं, बरंय. कोणी विचारलं की आपण तेच म्हणतो. मग, तुम्ही अचानक ब्रेक लावला होता का? मी म्हटलं, लावला असेन, नीट आठवत नाही. पैशांचं बोलणं सुरू झालं तेव्हा ही दोन्ही उत्तरं माझ्यापुढे ठेवली गेली. 'बरंय' म्हणजे इजा किरकोळ, आणि 'लावला असेन' म्हणजे अपघातात माझाही वाटा, म्हणून रकमेत कपात. समोरच्याच्या विमा कंपनीला अशी रेकॉर्डेड जबानी देणं सहसा बंधनकारक नसतं. जे सांगायचं ते लेखी देईन, एवढं म्हणता येतं.

त्याच फोनवर माझी वैद्यकीय कागदपत्रं मागवायची संमतीही त्यांनी घेतली. म्हणजे बाराव्या दिवशी ते घरी आले तेव्हा 'दोन आठवड्यांनी पुन्हा एक्सरे' हे वाक्य त्यांच्या फाइलमध्ये होतं. मला सगळ्यात जास्त लागलं ते हे.

रक्कम म्हणजे तोवरची बिलं आणि वर थोडंसं. ऑफर आजच्यापुरतीच आहे, वकिलाकडे गेलात तर वर्षं जातील आणि त्याची फी वेगळी, हेही ऐकवलं. मी विचारलं, "एक्सरे अजून व्हायचाय, त्यात काही निघालं तर?" ते म्हणाले, "मला फोन करा. मी आहे ना, बघून घेऊ." या शब्दावर मी सही केली.

चौदाव्या दिवशीच्या एक्सरेत बारीक रेघ दिसली. मनगटात काजूच्या आकाराचं स्कॅफॉइड नावाचं एक हाड असतं. त्याची चीर पहिल्या एक्सरेत अनेकदा दिसतच नाही. त्याला रक्तपुरवठाही मुख्यतः बोटांकडच्या टोकातून होतो, त्यामुळे मधे चीर पडली की मागचा तुकडा उपाशी राहतो आणि हाड जुळायला फार वेळ लागतो, कधी जुळतच नाही. माझं जुळलं नाही. तीन महिने प्लास्टर, मग कमरेच्या हाडाचा तुकडा काढून तिथे बसवला आणि स्क्रू घातला. मी शिवणकाम करते. कात्री हातात धरायला मला जवळजवळ वर्ष लागलं.

एक्सरे झाला त्याच संध्याकाळी मी फोन केला होता. "फाइल बंद झालीये ताई. तुम्ही फुल अँड फायनलवर सही केलीये." आवाज तोच, तसाच मऊ.

वकिलांनी कागद पाहून सांगितलं की असा करार मोडता येतो, पण फसवणूक झाली हे सिद्ध करावं लागतं. घरी दिलेल्या तोंडी शब्दाला पुरावा काय? रेकॉर्डिंग होतं ते फोनचं, तेही त्यांच्याकडे. मी दावा लढले नाही, ताकद नव्हती.

लवकर मिटवण्यात त्यांचा फायदा असतो, कारण इजा किती खोल आहे हे कळायला शरीराला वेळ लागतो. डॉक्टर 'आता यापुढे फार सुधारणा होणार नाही' असं म्हणेपर्यंत आपला एकूण खर्च आपल्यालाच माहीत नसतो, मग आकडा ठरवायचा कशावर? फक्त दावा दाखल करण्याची कायद्याची मुदत असते, ती मात्र पहिल्याच आठवड्यात विचारून घ्या, कारण थांबता थांबता तीच उलटून गेली तर हातात काही राहत नाही. आणि डॉक्टरांना प्रत्येक वेळी सगळं सांगा. रात्री झोप लागत नाही, भांडं उचलता येत नाही, हेसुद्धा लिहून घ्यायला सांगा. इजेला कोड देऊन रक्कम सुचवणारे कोलोसससारखे संगणक प्रोग्राम काही विमा कंपन्या वापरत आल्या आहेत. केसपेपरवर नसलेलं दुखणं अशा हिशोबात येतच नाही. बुडालेल्या कामाचंही तसंच. मी ग्राहकांची वही दाखवली असती तर निदान त्यावर बोलणं झालं असतं. मला सहा दिवसांचे पैसे धरून दिले.

सध्या माझ्या जावेला असेच फोन येतायत. कंपनी दुसरी आहे, तिच्या गुडघ्याला मार बसलाय. 'पुढे काही निघालं तर बघू' हे वाक्य तिनेही ऐकलं. मी तिला तेच वाक्य ईमेलने पाठवायला लावलं आणि कळवायला सांगितलं की हे करारात लिहून द्या, मी लगेच सही करते. आठ दिवसांनी उत्तर आलं, असं लिहून देता येणार नाही. तिने सही केलेली नाही. मंगळवारी तिचा एमआरआय आहे.