सेबेंझा 31, एक्सएम-18 आणि एक डमास्कस: उद्यमनगरातल्या माणसाचं मत

सरळ सांगतो, खिशात ठेवायच्या फोल्डिंग चाकूवर मोठी रक्कम घालायची असेल तर ती सांध्यावर आणि लॉकवर घाला, नक्षीवर नको. माझ्याकडं असे तीन चाकू आहेत: क्रिस रीव्हचा लार्ज सेबेंझा 31, रिक हिंडररचा साडेतीन इंची एक्सएम-18 आणि एका कारागिरानं एकट्यानं, ऑर्डरप्रमाणं घडवलेला डमास्कस (थरांचं, लहरी दिसणारं पोलाद) पात्याचा चाकू. अमेरिकेतल्या मेहुण्यानं वेगवेगळ्या खेपेला चेक-इन बॅगेतून आणले. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात माझं छोटं मशीन शॉप आहे, पंप-व्हॉल्व्हचे भाग करतो. त्यामुळं चाकू हातात आला की धार नंतर, आधी पिव्होट, म्हणजे पातं ज्याभोवती फिरतं तो सांधा, खोलून बघतो.

सेबेंझा 1987 पासून बनतोय. क्रिस रीव्ह मूळचा दक्षिण आफ्रिकेचा, नंतर अमेरिकेत आयडाहोमधल्या बॉइझीला गेला. दिसायला चाकू अगदी साधा. टायटॅनियमच्या दोन पट्ट्या, मध्ये सुमारे 92 मिलिमीटरचं पातं, बस्स. दुकानात कुणी पहिल्यांदा बघितला की विचारतो, "ह्यात पाचशे डॉलर कुठं गेले?" मी त्याला ॲलन की देतो आणि खोलायला सांगतो.

साध्या फोल्डिंग चाकूत पिव्होटचा स्क्रू किती आवळला यावर सगळं ठरतं. जास्त आवळला की पातं जाम, सैल ठेवला की शेक. चार दिवस वापरला की स्क्रू आपोआप सरकतो आणि पुन्हा तीच कटकट. सेबेंझात पात्याच्या भोकात एक बुशिंग, म्हणजे आखूड नळी, आहे. पात्याची जाडी अधिक दोन्ही फॉस्फर ब्राँझ वॉशर, यांच्या बेरजेपेक्षा या बुशिंगची उंची अगदी किंचित जास्त. स्क्रू पूर्ण आवळला तरी दाब येतो तो बुशिंगवर, आणि पातं त्याच्याभोवती मोकळं फिरत राहतं. सैल-घट्ट जुळवायचा प्रश्नच नाही. वाचायला सोपं वाटतं. पण उंचीतला हा फरक थोडा वाढला की पातं डुलतं, थोडा कमी झाला की अडकतं. म्हणजे बुशिंग, वॉशर आणि पातं या तिन्हींची जाडी दर नगाला मायक्रॉनमध्ये सांभाळायची. मी माझा चाकू सरफेस प्लेटवर धरून पात्याच्या टोकाला डायल इंडिकेटर (बारीक हालचाल मोजणारं काटेरी घड्याळ) लावला आणि बोटानं बाजूला ढकलून बघितलं. लॉक लागलेला असताना सुई जेमतेम थरथरली. वॉशरला बारीक भोकं आहेत, त्यात ग्रीस साठतं. हे सगळं बंद चाकूत कधीच दिसत नाही, आणि पैसे नेमके तिथंच गेलेत.

लॉकचंही तसंच. मुठीच्याच टायटॅनियम पट्टीला लांब काप देऊन त्या भागाची स्प्रिंग केलेली असते. पातं उघडलं की ती पट्टी मागून येऊन पात्याच्या बुडाला टेकते. आज जगभर फ्रेम लॉक म्हणतात तो हाच, आणि तो रीव्हनं आणला. त्याआधी मायकेल वॉकर या चाकू कारागिरानं लायनर लॉक केला होता, त्यात आतली पातळ पट्टी हे काम करते. टायटॅनियमवर मशीनिंग केलेल्या माणसाला यातली मेख लगेच कळेल: हा धातू दुसऱ्या धातूवर दाबून घासला की चिकटतो, ओरखडतो. कडक पोलादावर मऊ टायटॅनियम टेकला की काही दिवसांनी लॉक सोडताना अंगठा दुखतो. 31 या आवृत्तीत पट्टीच्या तोंडाशी सिरॅमिकची बारीक गोळी बसवली आहे, तीच पात्याला टेकते. पातं बंद असताना त्याला धरून ठेवते तीही हीच. एका गोळीत दोन कामं, मला फार आवडलं.

हिंडररचा एक्सएम-18 वेगळ्या स्वभावाचा आहे. हिंडरर ओहायोचा, अग्निशमन दलात काम केलेला माणूस, आणि चाकूही तसाच दणकट. पातं सुमारे 4 मिलिमीटर जाड. पिव्होट असा की बेअरिंग, टेफ्लॉन किंवा ब्राँझ वॉशर, हवं ते घाला. लॉकची पट्टी जास्त बाहेर वाकू नये म्हणून चकतीसारखा थांबा आहे, ती कल्पना हिंडररचीच. फ्लिपर, म्हणजे पात्याच्या बुडाचा बाहेर आलेला खटका, दाबला की पातं खाडकन बाहेर येतं. ओले हात, हातमोजे, अंधार असेल तर मी हाच उचलीन.

पण कापायला? दोन्ही घेऊन चप्पल करणाऱ्या एका जुन्या ओळखीच्या मामांकडं गेलो. तळाचं जाड कातडं, रोज रापी चालवणारा हात. आधी हिंडरर घेतला, कातड्यावर ओढला, थांबले. "धार हाय दादा, पण पातं आत गेलं की कातडं फाकतंय, जोर लई लागतोय." मग सेबेंझा. त्याचं पातं दोन्ही बाजूंनी आत खोलगट घासलेलं, धारेमागं पातळ. एका दमात पट्टी सुटली. "ह्यो लोण्यागत चाललाय. पण रापीचं काम ह्याला न्हाई जमायचं, कड तासता येत न्हाई ह्यानं." दोन्ही गोष्टी खऱ्या. हिंडररमध्ये पातळ घासलेलं स्लायसर पातंही मिळतं; मी घेतलेला स्पँटो टोकाचा (जाड, मजबूत टोकाचा) आहे, तो मुळात असं कातडं कापण्यासाठी नाहीच.

डमास्कसचं पातं तिन्हींत देखणं आहे, पाण्यासारख्या लहरी, फाइल वर्क (कानशीनं केलेली नक्षी) सुंदर. पण लॉक घट्ट चिकटतो आणि बंद केल्यावर पातं मधोमध न बसता एका पट्टीकडं झुकतं. किंमत मात्र तिन्हींत सर्वांत जास्त. एका हातानं केलेल्या कामाचा मला आदर आहे, माझे वडीलही हातानंच स्क्रॅपिंग (धातू खरवडून सपाट करणं) करायचे. म्हणूनच वाटतं, एवढी सुंदर नक्षी करणाऱ्यानं लॉकच्या तोंडावर आणखी एक संध्याकाळ घालवायला हवी होती.

पोलादाबद्दल लोक फार भांडतात. माझा सेबेंझा एस45व्हीएन पोलादाचा आहे, नवे मॅग्नाकट पोलादात येतात. मॅग्नाकट लॅरिन थॉमस या धातुशास्त्रज्ञानं काढलं, 2021 मध्ये बाजारात आलं. गंजाला दाद देत नाही आणि चिवटही आहे, म्हणजे आपल्या पावसाळ्याला उत्तम. पण एस45व्हीएनलाही पन्हाळ्याच्या धुक्यात नि ओल्या खिशात काही झालेलं नाही. त्यासाठी जुना विकून नवा घेऊ नका. फक्त गुळाच्या ढेपेत टोक खुपसून पिळू नका, कुठलंच फोल्डिंग पातं त्यासाठी नसतं. आणि अंबाबाईच्या देवळात किंवा कोर्टात जाताना चाकू ड्रॉवरमध्येच ठेवा.

एकच घ्यायचा असेल तर सेबेंझा 31. शेतावर, साइटवर राबणाऱ्यानं हिंडरर बघावा, पण स्लायसर पात्याचा. ऑर्डरचा चाकू घेणार असाल तर कारागिराकडं फोटो नको, लॉक लावून-सोडून दाखवणारा व्हिडिओ मागा, आणि बंद चाकूचा वरून काढलेलाही. हात लहान असेल तर सेबेंझा स्मॉलमध्ये घ्या, त्याचं पातं तीन इंचांच्या आसपास आहे. मुलीला लार्जची मूठ मोठी पडते, म्हणून मेहुण्याला पुढच्या खेपेला तोच आणायला सांगितलाय.