घरी बनवलेला पिक प्रोग्रामर, आठ महिन्यांचा अनुभव (आणि मीटरचा चकवा)

आठ महिने झाले वापरतोय म्हणून आता लिहितो. चोपड्याकडे आमची केळी आहे, रात्री थ्री फेज आली की मोटर थोडं थांबून चालू व्हावी असा टायमर करायचा होता, त्यासाठी पिक १६एफ६२८ए (मायक्रोकंट्रोलर चिप) घेतला आणि प्रोग्रामर, म्हणजे चिपमध्ये प्रोग्राम भरायचं सर्किट, घरीच झिरो बोर्डवर (भोकांचा सोल्डरिंग बोर्ड) जोडला, जुन्या डेस्कटॉपच्या सिरियल पोर्टवर चालतो. ५ व्होल्टला ७८०५ रेग्युलेटर, आणि प्रोग्रामिंगच्या व्होल्टेजसाठी (व्हीपीपी) ७८एल१२ रेग्युलेटरच्या ग्राउंडच्या पायात दोन डायोड, म्हणजे १३.२ च्या आसपास मिळतात. ७८एल१२ चे पाय ७८१२ च्या उलटे असतात हां, सपाट बाजू आपल्याकडे धरली की डावीकडे आउटपुट, माझा पहिला त्यातच गेला.

सहा-सात महिने एकदम मस्त चालला. मग मे महिन्यात प्रत्येक वेळी व्हेरिफायला (भरलेला प्रोग्राम परत वाचून तपासताना) एरर यायला लागली. चिप काढून, सॉफ्टवेअरमधून व्हीपीपी चालू करून रिकाम्या सॉकेटवर मीटर लावला तर ४ नंबरच्या पायावर (व्हीपीपी) १४.८ आणि १४ नंबरवर (५ व्होल्टचा पाय) ५.६! दोन वेगळे रेग्युलेटर एकाच दिवशी, तेही सारख्याच प्रमाणात कसे वाढतील? मग कोरा पेन्सिल सेल मोजला, तो १.८ दाखवायला लागला, तिथं कळलं की मीटरमधली ९ व्होल्टची बॅटरी उतरलीय. स्वस्त मीटर बॅटरी उतरली की जास्त दाखवतो. बॅटरी बदलली, १३.२ आणि ५.० बरोबर आले, पण एरर तशीच.

मग चिप बसवून मोजलं, काळी प्रोब थेट चिपच्या ५ नंबरच्या (ग्राउंडच्या) पायावर ठेवून, तर १४ नंबरवर फक्त ४.४ आणि या चिपला पूर्ण इरेज करायला कमीत कमी ४.५ लागतात. लाल प्रोब ५ नंबरवर आणि काळी अडॅप्टरच्या मायनसवर ठेवली, तिथं शून्य यायला पाहिजे, आले ०.६. म्हणजे ग्राउंडचा जोड ड्राय, सोल्डरनं नीट धरलेलंच नाही. त्या जोडावर मी आधी मीटरचा बीप (जोड तपासायचा मोड) लावून बघितलं होतं आणि बीप वाजलाही होता, पण बीप पन्नास-साठ ओहमलाही वाजतो, त्यामुळे करंट चालू असताना व्होल्टेजच मोजावं. भिंगातून बघितलं तर पायाभोवती बारीक काळी गोल रेघ होती, फ्लक्स लावून पुन्हा सोल्डर केलं, ०.६ चे ०.०० झाले आणि पहिल्याच झटक्यात व्हेरिफाय ओके. तेव्हापासून महिनाभर एकही एरर नाही, टायमर मळ्यात बसलाय.